गोऱ्याच्या पेटीत काच नको
"माल थांबवा, तिकडून फोन आलाय," असं एक्सपोर्टवाला बोलला तेव्हा निम्मी बाग कापून क्रेटांत पडली होती. द्राक्ष वेलीवर चार दिवस थांबतं, कापलेलं थांबत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. सकाळी हाच माणूस आमच्या बागेत वाघासारखा फिरत होता. पेटीत काच सापडली तर परदेशातला गोरा गिऱ्हाईक सगळा माल परत पाठवतो, म्हणून त्यानं माझ्या सुनेला आणि कापणीच्या बायकांना बांगड्या उतरवायला लावल्या. नवरा असताना मोकळे हात आमच्यात अशुभ मानतात, तरी त्यांनी उतरवल्या. आता तोच माणूस फोन कानाला लावून "यस सर, यस सर" करत कमरेत वाकत होता. समोरचा सातासमुद्रापार, याला दिसतही नव्हता, तरी वाकत होता. गोऱ्याला दुसऱ्या देशाचा स्वस्त माल मिळाला होता, एवढंच कारण. मी म्हणाले, "भाऊ, माल कापलाय म्हणून सांगा की त्याला." "आजी, त्याला न्हाई म्हणता येत नाय. उद्या तो दुसऱ्याकडनं घेईल." "आन आमाला म्हणता येतं व्हय? लई शूर हायसा!" तो गाडीत बसून निघून गेला. संध्याकाळी नारायणगावच्या व्यापाऱ्यानं तो म्हणेल त्या भावात द्राक्षं उचलली. पुढच्या हंगामात एक्सपोर्टवाला पुन्हा हसत आला, मी त्याला पाणीही विचारलं नाही. माणसं म्हणतात, म्हातारी उगाच तुसडेपणा करते. करते. त्या दिवशी त्या क्रेटांपाशी उन्हात माझी सून आणि मी उभ्या होतो, ही माणसं नव्हती.