काकूंचा लाइन क्लिअर

काकांचा हात भिंतीवरच्या स्विचकडे गेला, तसं मी त्यांचं मनगटच धरलं. चालू कॉम्प्युटर ते रोज पंख्यासारखा बंद करत.

पूर्णा स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काका रिटायर्ड स्टेशनमास्तर. त्यांचा जुना डेस्कटॉप फार रडायला लागला म्हणून पुतण्याने त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं. तेही इतकं हलकं, की मेनूसुद्धा नाही. मग पठ्ठ्या पुण्याला निघून गेला. बंद करायचं तर काळी खिडकी उघडून इंग्रजीत कमांड टाइप करायची. काका कशाला करतील?

अशी अचानक वीज तोडली की आतलं काम अर्धवट राहतं आणि एखाद्या दिवशी डिस्क जाते. त्या डिस्कमध्ये नातीचे फोटो होते. लेक अकोल्याला दिलेली. काकू नातीला पाहत त्या याच पडद्यावर. फोटो गेले तर मी काय बघू, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मला फार वाईट वाटलं.

मी पडद्यावर एक मोठं लाल बटण करून दिलं. दाबलं की कॉम्प्युटर आपलं सगळं आवरून स्वतःच बंद होणार. काकांनी ते नापास केलं.

"एकट्यानं दाबलं की बंद? असं न्हाई चालत."

गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला विचारतात, रूळ मोकळा आहे का. तिकडून होकार आला की तो लाइन क्लिअर. त्याशिवाय काकांनी उभ्या नोकरीत गाडी हलवली नव्हती. मग भिंतीवरचा स्विच कसा चालत होता, असं मी विचारलं.

"तवा सिस्टिम नव्हती. आता हाय."

पुढचं स्टेशन कोण? तर स्वयंपाकघरातल्या काकू. मी डोकं धरलं, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. बटण दाबलं की एक चौकट यावी आणि तिच्यात काकूंनी गुप्त नंबर टाकावा, अशी सोय करून दिली. काकू पदराला हात पुसत आल्या, नंबर टाकला, कॉम्प्युटर गुमान बंद झाला. काका खूश.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, लाइन क्लिअर मिळंना."

माझंच काही चुकलं असेल म्हणून धावत गेले. कॉम्प्युटर कित्येक दिवस चालूच होता, डबा तापलेला. काकू शांतपणे मेथी निवडत होत्या.

"अकोल्याची गाडी हितूनच सुटती," त्या मला म्हणाल्या. "ह्यांचा रेल्वेचा पास नुसता पडून हाय. नात चालायला लागली अन् मी फोटोच बघायलेय. आधी अकोला, मग नंबर."

उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, आता प्रवास नको, हे काकांचं ठरलेलं उत्तर. मी गमतीने भिंतीवरच्या स्विचकडे बोट दाखवलं.

"सिग्नल नसताना गाडी काढू व्हय?" काका माझ्यावरच तापले. मग हळूच म्हणाले, तो नंबर तुला काढता येतो का बघ.

मला तो सहज काढता येत होता. मी काकूंकडे पाहिलं आणि सांगितलं, "न्हाई काका, हे माझ्या हातात न्हाई."

दोन दिवसांनी दोघं अकोल्याला गेली. निघताना काकूंनी नंबर टाकला म्हणे, आणि पिशवी काकांच्या हातात दिली.

तेव्हापासून कुणी कॉम्प्युटर सोपा करून मागितला, की मी आधी विचारते, घरात कुणासाठी.