अक्काच्या गाडीचं मूळ स्वरूप

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. देवळाली प्रवरात आम्ही एकाच शाळेत होतो. मी तिला सायकलवर मागे बसवून न्यायचो, आणणारही मीच. याचं मला पुढे कित्येक वर्षं कौतुक वाटत राहिलं.

लग्नानंतर ती नैरोबीला गेली. दाजींनी तिथे एक जुनी मोटार घेतली आणि तिच्यासाठी बदलून घेतली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवायच्या दांड्यावर आणले, दरवाजा कापून रुंद केला. त्या गाडीतून अक्का निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवायला जात होती. दाजी वारल्यावर तिनं कायमचं इकडे यायचं ठरवलं, तेव्हा फर्निचर सगळं वाटून टाकलं. गाडी मात्र आणायचीच म्हणाली.

कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. साखर कारखान्याच्या ऑफिसात माझी नोकरी झालेली, फायलींची भीती नव्हती. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या परदेशातून आणता येतात, हे मी शोधून काढलं. न्हावाशेवा बंदराच्या खेपा घातल्या, आणि एका सकाळी गाडी ट्रेलरवरून आमच्या दारात उतरली. नोंदणीच्या नियमात ‘मूळ स्वरूपात’ असे दोन शब्द होते. ते मी आधीच वाचले होते. एका दरवाजासाठी कोण अडवतंय, असं म्हणून पान उलटलं होतं.

श्रीरामपूरच्या आरटीओ कार्यालयात तपासणीला एक तरुण बाई होत्या. दरवाजाच्या वेल्डिंगवरून त्यांनी बोट फिरवलं आणि शांतपणे सगळं समजावलं. जुनी मोटार म्हणून नोंद हवी तर बॉडीत असा बदल चालत नाही. आणि तशी नोंद झाली, तरी ती गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शनाला, रॅलीला तेवढी काढायची.

बाहेर आल्यावर मी अक्काला म्हणालो की दरवाजा पहिल्यासारखा करून घेऊ.

“मग मी आत कशी बसू?” तिनं विचारलं.

“मी चालवीन की. तुला जपून बसवीन शेजारी.”

घरी परतताना राहुरीच्या फाट्याजवळ ती म्हणाली, “शाळेतून येताना तू मित्रांशी बोलत थांबायचास. मी सायकलवर तशीच. मला उतरता यायचं नाही. किती वेळ थांबायचं, ते तू ठरवायचास.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी ते पार विसरलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच त्या बाईंकडे गेलो. या वेळी दरवाजाचं काही बोललो नाही. माझ्या बहिणीला स्वतः गाडी चालवायची आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी दुसरी वाट दाखवली. रुंद दरवाजाची साधी ऑटोमॅटिक गाडी घ्यायची, आधी परवानगी काढायची, मग हाताचे दांडे बसवून तपासून घ्यायची. दिव्यांग व्यक्तीची रूपांतरित गाडी म्हणून तिची नोंद होते. लायसन्सही त्याच गाडीवर परीक्षा देऊन मिळतं.

राहुरीतल्या मिस्त्रीला आम्ही घरी बोलावून जुनी गाडी दाखवली. तो खाली झोपून बराच वेळ दांडे निरखत होता. बाहेर येऊन म्हणाला, “लई डोकं लावलंय हो. ज्यानं केलं, त्यानं बाईंचा हात मोजून केलंय.” अक्का तोंड फिरवून उसाकडे बघत राहिली. मिस्त्रीनं तीच मापं घेऊन नव्या गाडीचे दांडे जुळवले. परवानगी, तपासणी, पुन्हा तपासणी, यात उन्हाळा गेला. लायसन्सच्या परीक्षेत अक्का पहिल्याच खेपेला पास झाली.

जुन्या गाडीला नंबर मिळाला नाही. ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. कधीमधी अक्का ती आमच्याच शेतातल्या रस्त्यावरून विहिरीपर्यंत नेते आणि परत आणते.

नव्या गाडीतून पहिल्या लांबच्या फेरीला ती कोपरगावला, मैत्रिणीकडे निघाली. मी चप्पल घालून फाटकाशी उभा होतो. “तू राहू दे,” ती म्हणाली, आणि गेली. तासाभरात मी दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही.