खुंटीमास्तरांची अट

किनाऱ्याची जमीन सांभाळणाऱ्या ट्रस्टचे ते राखणदार. दर महिन्याला आपल्या घरापासून कड्याच्या काठापर्यंत टेप धरायची, काठावर खुंटी ठोकायची, समुद्राने किती जमीन खाल्ली ते ट्रस्टला कळवायचं. म्हणून सगळे त्यांना खुंटीमास्तर म्हणत. माणूस भला, पण हट्टी. अशा माणसांचा हट्ट दुसऱ्यांना क्वचितच नडतो, नडतो तो त्यांनाच.

वीस वर्षांपूर्वी हॉटेलवाल्यांचा या किनाऱ्यावर डोळा होता. तेव्हा मास्तरांनीच दारोदार फिरून लोकांना जमिनी ट्रस्टला द्यायला लावल्या. आपलीही दिली, हयात असेपर्यंत घरात राहू द्या, एवढंच मागितलं. वकिलाने मसुदा वाचून दाखवला तरी त्यांचं समाधान होईना.

"उद्या कुणी चांगल्या कामासाठी म्हणून भिंत घालील. तसलं काही नको. लिहा, इकडचा दगड तिकडे होणार नाही. कुणासाठीही नाही."

वकिलाने तसं लिहिलं. काळ्या दगडावरची रेघच ती.

आता काठ घरापासून चार मीटरवर आला होता. मास्तरांना स्वतःची फिकीर नव्हती. पण सात वर्षांपूर्वी बायकोची दृष्टी गेली होती, आणि त्या घरात ती आंधळी नव्हती. भिंतीला हात लावत ती चुलीपाशी जाई, पलंगापाशी येई, भाजी चिरी, शर्टाचं बटण लावी. वर ऐकवी, "डोळे असून तुम्हाला चष्मा सापडत नाही!" उंबऱ्याबाहेर मात्र ती मास्तरांचा दंड घट्ट धरी.

शेवटी मास्तर ट्रस्टच्या सचिवबाईंकडे गेले. घरासमोर काठाला थोडे दगड लावू द्या, म्हणाले. बाई त्यांना मानत. त्यांनी कागद काढला आणि ती ओळ वाचली.

"मास्तर, वाक्य तुमचंच आहे. शिवाय इथे दगड टाकले तर लाट वळून शेजारच्या वस्तीचा काठ खाईल. हे तुम्हीच मला शिकवलंत."

आपलेच दात, आपलेच ओठ. मास्तर उठले.

शेजारची वस्ती म्हणजे साधकांची. विजेशिवाय राहणारी, पाण्याचा थेंब वाया न घालवणारी, मनाने साधी माणसं. रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून डोळे मिटून बसत. "डोळे मिटायचेच तर इथवर चालत कशाला येता?" म्हणून मास्तर त्यांची चेष्टा करायचे, आणि ते हसायचे. तिथल्या थोरल्या ताई स्वतःहून घरी आल्या.

"एक खोली तुमच्यासाठी लिंपून ठेवलीय. धरून ठेवू नका आता, मास्तर. सोडायला शिका."

सोडायला शिका! मास्तरांना त्यांचा राग आला आणि रागाची लाजही वाटली. दुसरी वाट नव्हती.

खोली खरंच सुंदर होती. मातीची, गार, गुळगुळीत. कोपऱ्यात मन अडकतं अशी त्या मंडळींची समजूत, म्हणून त्यांच्या सगळ्या खोल्या गोल. हे मास्तरांनी वीस वर्षं रोज बघितलं होतं आणि एकदाही मनावर घेतलं नव्हतं.

बायकोने भिंतीला तळहात लावला आणि चालू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. दार हाताला लागलं. पण दोन पावलांत ते मागे कुठे गेलं, ते तिला सांगता येईना.

"अहो, ही भिंत वळतच नाही का कुठे?"

"गोल आहे गं. होईल सवय."

"पलंग कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," मास्तर म्हणाले. पण ती तोवर वळली होती, आणि पलंग आता तिच्या उजवीकडे होता. तिने तिसरी फेरी घातली, चौथी अर्ध्यात सोडली, आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली.

मास्तरांना वाटलं, ती रडेल, निदान बोल तरी लावील. तिने पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवले.

"मला पाणी द्याल का?" ती म्हणाली.

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. तिने आजवर त्यांच्याकडे कधी पाणी मागितलं नव्हतं.