सकाळी आखडणारे हात

हातखंब्याच्या आसपास हरिहर साळवींना सगळे काका म्हणतात, आणि काकांचा सिद्धान्त एकच: दुखणं कामाने येतं नि विश्रांतीने जातं. याच्या उलट जे असेल ते सोंग. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, स्वतःच्या गुडघ्यांवरून काढलं होतं. सारा जन्म कातळावरच्या आंब्याच्या कलमांत गेला. दिवसभर चढउतार झाली की संध्याकाळी गुडघे ठणकायचे. करंजाचं तेल चोळून पाय पसरून बसलं, की सकाळी माणूस पुन्हा बागेत जायला तयार.

करंजेलावर भरवसा तर इतका, की कुणी नुसतं कण्हलं तरी काका बाटली घेऊन हजर. शेजारच्या अस्लम रिक्षावाल्याला तो भरवसा चांगलाच भोवला. एके दिवशी उठला तर पायाचा अंगठा लालबुंद, सुजलेला, चादर टेकली तरी सहन होईना. काकांनी आपलं तेल खसाखसा चोळलं. अस्लम असा बोंबलला की अख्खी वाडी गोळा झाली. पुढे रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलंय म्हणाल्या, गोळ्या दिल्या, मटण-सुकट आवरायला सांगितलं आणि पुन्हा चोळायचं नाही असं बजावलं. "अंगठ्याची गोष्ट वेगळी," काका म्हणाले. झालं, सिद्धान्त शाबूत.

या सिद्धान्तात खरी भरडली गेली ती त्यांची सून, समीक्षा. नवरा शुभंकर मस्कतला नोकरीला, घरात सासरा नि सून दोघंच. गेल्या गणपतीपासून सकाळी तिचे हात चालेनात. मूठ मिटेना, फडकं पिळवेना, पेजेचा तोप चुलीवरून उतरवता येईना. एक हात नव्हे, दोन्ही. कोमट पाण्यात बोटं बुडवून ती बराच वेळ बसायची तेव्हा कुठे ती सैल व्हायची, आणि काकांची सकाळची पेज रोज उशिरा यायची. आंब्याचा हंगाम लागला तशी दुपारी हीच सून पडवीत बसून, पेंढा पसरून, पेट्या भरू लागली. काका समोरून बघत असायचे.

"सकाळी तोप उचलत नाय नि दुपारी आंबे भरतेस. असलं कसलं गो दुखणं?"

"मलाही कळत नाही, बाबा. हात चालवले की सुटतात."

"म्हणजे काम केलं की बरं वाटतं. मग लवकर उठून कामाला लाग की!"



काका वाईट माणूस नव्हेत, आणि खरा राग येतो तो याचाच. वाईट असते तर निदान कुणी त्यांचं ऐकलं नसतं. नाक्यावर चहा पिताना ते सुनेची ही तऱ्हा हसत हसत सांगत, आणि लोक हसत. सुट्टीच्या दिवशी शुभंकरचा फोन आला की त्यालाही सांगत. शुभंकर आधी हसला, मग बायकोला समजावू लागला, मग चिडू लागला. होता होता त्याने तिला वेगळा फोन करणंच सोडलं. वडिलांच्या फोनवर तिला "बरी आहेस ना?" एवढं विचारायचा, तेही उपचारापुरतं.

"हात दुखतात ते सोसेन गं," समीक्षा एकदा अस्लमच्या बायकोला, फातिमाला म्हणाली. "पण तो मला खोटारडी समजतो. हे कसं सोसू?" आणि रडली.

हंगाम सरता सरता काकांचा गुडघा बागेची पायरी उतरताना असा धरला की पाऊल टाकता येईना. अस्लमने त्यांना रिक्षात घातलं आणि आपल्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधाराला समीक्षा होतीच. बाईंनी एक्स-रे पाहिला. गुडघ्यांतली गादी झिजलीय, म्हणाल्या. वापरलं की दुखणार, बसलं की थांबणार. मांड्यांचे व्यायाम करा, चढउतार कमी करा.

काका दुखणं विसरून खूश झाले. त्यांचाच सिद्धान्त डॉक्टरच्या तोंडून! त्या भरात त्यांना वाटलं, आलोच आहोत तर सुनेचाही निकाल लावून घ्यावा.

"आणि आमच्या हिचं सगळं उलटं," ते म्हणाले. "रात्रभर झोपते नि सकाळी हात आखडतात. काम केलं की बरे होतात." बाई हसतील म्हणून ते थांबले.

बाई हसल्या नाहीत. "किती वेळ आखडतात?"

"तास-दीड तास तरी," काकाच म्हणाले.

"दोन्ही हात?"

"दोन्ही. नि दिवसभर म्हणते, थकले."

साक्षीदाराने पुरावे द्यावेत तसे काका देत होते. बाईंनी समीक्षाचे हात पुढे घेतले आणि बोटांच्या मुळाशी हलकेच दाबलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काका, सांधा दुखला म्हणजे एकच रोग नव्हे," बाई म्हणाल्या. "तुमची झीज आहे. हिचा आमवात दिसतोय. यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. पडून राहिलं की ते आखडतात, हालचाल केली की सुटतात. रक्त नि एक्स-रे करून खात्री करू, पण तुम्ही जे सोंग म्हणून सांगितलंत ना, तेच याचं लक्षण आहे." मग त्यांनी तिची उजवी करंगळी सरळ करून पाहिली. ती होईना. "औषधांनी बाकीची बोटं वाचवता येतील. ही बहुतेक अशीच राहील. आधी का नाही आलात?"



"घरात सांगितलं होतं," समीक्षा म्हणाली.

तिघं रिक्षातून परत निघाली. कुवारबावचा नाका मागे पडल्यावर काकांनी खिशातून फोन काढला आणि मुलाला लावला. ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असतो.

"बोला बाबा," पलीकडून शुभंकर म्हणाला. "आज किती वाजता उठली ती?"

 अस्लमने न सांगता रिक्षा कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"शुभंकर," काका शेवटी म्हणाले, "मी तुला इतके महिने खोटं सांगत होतो. तुझी बायको आजारी आहे रे. तिचं एक बोट माझ्यापायी गेलं."

मग त्यांनी फोन सुनेपुढे धरला. पलीकडून शुभंकर तिला नावाने हाका मारत होता.