माझ्या केसांतल्या अक्षता

"हाथ ऊपर! सब के सब! कोई कुछ नहीं छुएगा!"

फोरमन मिश्राजी ओरडले अन् मी हातातली स्प्रिंग सोडून हात वर केले. स्प्रिंग टेबलावर पडली का खाली, ते पण नाही पाहिलं. बाकीच्या बायका पण हात वर करून उभ्या. बाहेरून कोणीतरी दाराला कडी घातली. तो आवाज ऐकून मी दाराकडे वळून पाहिलं. आतून बंद असतो आपण रोजच, पण बाहेरून कडी कधीच नव्हती लागली.

झालं असं होतं, का इन्स्पेक्शनवाल्यानं आमच्या खोलीतला एक फ्यूज उघडून पाहिला. त्यातून तांदूळ निघाला. एक दाणा. पिवळा, हळद लावलेला.

कोपऱ्यातून एकजण हसली पण. "आज पुलाव है क्या, भैया?"

"पुलाव नहीं, जेल पकेगी," मिश्राजी म्हणाले. मग कोणीच नाही हसलं.

फ्यूज म्हणजे घरातला बिजलीचा नाही. तोफेच्या गोळ्याच्या टोकाला बसते तो. आत एक छोटासा हातोडा असते. गोळा जाऊन पडला का हातोडा सरकते अन् गोळा फुटते. पडल्यावरच फुटला पाहिजे, पहिले नाही अन् नंतर पण नाही. आमच्या टेबलावर मी अन् सिंधूमावशी. मी आत स्प्रिंग टाकते, मावशी वरून टोपण बसवते. बस, हेच काम दिवसभर. मी सातवी नापास, पण हे काम मला येते. आता आतमधी दाणा अडकला तं हातोडा सरकणारच नाही. नाही तं भलत्याच वेळी सरकेल. भलत्या वेळी म्हणजे आपल्याच माणसांच्या हातात.

तोफगोळ्याच्या फॅक्टरीतल्या आमच्या खोलीला डेंजर बिल्डिंग म्हणतात. आत जायच्या आधी झडती होते. मंगळसूत्र काढा, जोडवी काढा, केसातले आकडे काढा. काडीपेटी तं दूरची गोष्ट. पांढरे सुती कपडे घालायचे, खिसा नसलेले, अन् डोक्यावर टोपी बांधायची. झडती घेणारी बाई लोखंड शोधते, आग शोधते. तांदूळ कोण शोधते?

लढाई सुरू होती. खिडक्यांना काळा कागद, बाजारात अंधार, अन् आमची ड्यूटी लांबतच चालली होती. लोक म्हणत, तिकडे तोफा गोळ्यासाठी थांबून राहिल्या. मिश्राजींच्या तोंडून तेव्हा एक शब्द निघाला तो ऐकून सगळ्या गार पडल्या. सॅबोटाज. म्हणजे दुश्मनासाठी मुद्दाम केलेली खराबी. त्याची सजा काय असते ते कोणी सांगितलं नाही, अन् विचारायची हिंमत पण नव्हती.

अन् माझ्या बाळाची दूध प्यायची वेळ झाली होती. मुन्ना जबलपूरच्या गढा मोहल्ल्यात, आमच्या घरी, सिंधूमावशीच्या पोरीजवळ. बेबी तिचं नाव. माझी छाती भरून आली, कपडा ओला व्हायला लागला. हात वर असल्यानं झाकता पण येईना.

तेव्हाच मी मावशीकडे पाहिलं.

सगळ्यांचे हात वर, मावशीचा एकच. दुसरा तिनं मानेमागे अंबाड्यावर ठेवला होता, टोपीच्या आत. तिचे ओठ हलत होते. मला समजलं. दाणे तिनं अंबाड्यात लपवून आणले होते.

"मावशी," मी तोंड न हलवता म्हटलं, "काय केलं तू हे?"

"देवीच्या अक्षता आहेत वं."

"काहून?"

"दिलीप तिथं तोफेवरच आहे नं. आपलेच गोळे जातात त्याच्याजवळ. म्हटलं, आईचा हात तं नाही पोचत, देवीचा तरी पोचेल."

दिलीप तिचा पोरगा. कधीपासून त्याची खबर नव्हती.

"अन् तोच दाणा अडकून त्याच्याच हातात फुटला तं?"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या भाषेत बोललीच नाही. "देवीच्या अक्षतेनं कसं वाईट होईल? तू कायपण बोलते. तुला काही मानायचंच नाही."

हे खरं होतं. मी नाही मानत. हे काही मी कोणत्या पुस्तकात वाचलं नाही. माझ्या नवऱ्याची बोटं याच फॅक्टरीत गेली. त्याच्या मनगटात तेव्हा देवीचा धागा होता. लोक म्हणाले, धाग्यानं जीव वाचवला. मी म्हटलं, मग बोटं काहून नाही वाचवली? सासू म्हणे असं नाही बोलायचं. मी बोलायचं बंद केलं, पण मानायचं पण बंद झालं. खोलीच्या बाहेर देवीचा फोटो आहे, सगळ्या हात जोडून आत जातात. मी नुसती टोपी बांधते. सगळ्यांना माहीत होतं. मिश्राजी मला "नास्तिक मैडम" म्हणायचे, अन् बाकीच्या म्हणायच्या का हिच्यामुळे एक दिवस खोली उडेल.

एक गोष्ट मला तेव्हा पण समजत नव्हती, आता पण नाही समजत. माणूस मारू नये असं सगळेच सांगतात. अन् दसऱ्याला आम्ही गोळ्याला हळदकुंकू लावतो. मी एकदा मावशीला विचारलं होतं, हा ज्याच्यावर पडेल त्याला पण आई असेल नं? ती म्हणाली, "ते लोक वेगळे." मी पण गोळे बनवतेच. मुन्न्याला दूध पाजून येते अन् बनवते. माझ्याजवळ तं "वेगळे" म्हणायला पण तोंड नाही.

मिश्राजींनी आपल्या केबिनमधून पाण्याची बाटली आणली. नर्मदेचं पाणी. ते रोज ग्वारीघाटाहून पूजेसाठी आणतात.

"देखो," ते म्हणाले, "ऊपर खबर करूँगा तो सिक्युरिटी आएगी, पुलिस आएगी, सब लाइन से अंदर जाओगी। उसके पहले मैं अपने तरीके से पूछता हूँ। मैया का पानी हाथ में लो और बोलो।"

जबलपूरच्या बाहेरच्या लोकांना हे हसू येण्यासारखं वाटेल. पण इथं मैयाचं पाणी हातात घेऊन कोणी झूठ नाही बोलत. चोर पण नाही बोलत. पहिल्या टेबलाच्या बाईनं ओंजळ केली. पाणी पडलं. "मैया की कसम, मैंने नहीं किया।" मग दुसरी. मग तिसरी.

"मी सांगून टाकते," मावशी म्हणाली. "पाणी हातात आलं का माझ्याच्यानं झूठ नाही बोलल्या जाणार."

"जेल होईल तुला."

"होऊ दे."

"अन् बेबी? एकटी राहील का ती?"

मावशीनं अंबाड्यावरचा हात आणखी घट्ट दाबला.

खरं सांगते, मी मोठी चांगली बाई नाही. माझ्या मनात पहिले मावशी नाही आली. पहिले आलं का मावशीच्या मागे बेबी गावी गेली तं मुन्न्याला कोण पाहील. नवऱ्याच्या हाताला बोटं नाहीत, तो मुन्न्याला उचलू पण नाही शकत. मग मावशी आली मनात. अन् मग ते ट्रे आले. आमच्या टेबलाचे बंद केलेले ट्रे बाजूला ठेवले होते, पुढे जायला तयार. मावशी गप्प राहिली अन् मी पण गप्प राहिली, तं ते ट्रे दुसऱ्या ट्रेमधी मिसळून जातील. नाही तं मिश्राजी सगळाच लॉट थांबवतील. लॉट म्हणजे एका वेळचा पूर्ण माल. तिकडे तोफा रिकाम्या राहतील. कोणीतरी एवढंच सांगायला पाहिजे होतं का खराबी या टेबलाची आहे, दुसऱ्या नाही.

खोटं बोलू नये. कोणाला फसवू नये. ज्यानं केलं त्यानं भोगावं. शाळेत फळ्यावर लिहायचे हे सगळं, एकाखाली एक. तेव्हा ते एकमेकांशी भांडत नव्हते.

पाणी आमच्या टेबलाजवळ आलं. मावशीनं ओंजळ पुढे केली.

मी तिच्या पुढे झाली. "मिश्राजी, मेरे से हुआ है।"

"क्या?"

"कल गढ़ा में शादी थी। आप सब को मालूम है। अक्षत डालते हैं न सबके ऊपर। बालों में रह गए। सुबह बच्चा रो रहा था, टोपी ठीक से नहीं बाँधी। झुकी तो गिर गए होंगे। मैं ही स्प्रिंग डालती हूँ। हमारी टेबल के ट्रे अलग कर दो, बाकी का माल ठीक है।"

लग्न खरंच होतं. आम्ही सगळ्या गेलो होतो. अक्षता माझ्या केसात पण पडल्या होत्या, पण मी रात्रीच विंचरून काढल्या होत्या.

मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मावशीकडे. मावशीचा एक हात परत मानेमागे गेला होता. ते काही येडे नव्हते.

"मैया का पानी ले।"

मी घेतलं. थंड होतं, बस. "मैया की कसम, मेरे बालों से गिरा।"

"तुझे पानी से क्या," ते हळूच म्हणाले. "तू तो मानती ही नहीं। बच्चे की कसम खा।"

मी ओले हात कपड्याला पुसले.

"खा ना। झूठ नहीं है तो डर कैसा?"

आता ऐका. मी नाही मानत. पाणी म्हणजे पाणी अन् बोलणं म्हणजे बोलणं. बोलल्यानं कोणाच्या पोराला ताप नाही येत, हे मला तेव्हा पण पक्कं माहीत होतं. तरी कसम तोंडातून निघेना. कपडा दुधानं ओला झाला होता. मला मुन्न्याची टाळू दिसत होती, डोक्यावरची, मऊ असते नं, श्वासासोबत वर-खाली होते ती. मला वाटलं त्याच्यावर हात ठेवून बोलून राहिली मी.

"मेरे बच्चे की कसम," मी म्हटलं. "मेरे बालों से गिरा।"

मागे मावशीच्या तोंडून आवाज निघाला, कोणी मारल्यासारखा.

मिश्राजींनी बाटलीचं झाकण लावलं. "लापरवाही," ते म्हणाले. "लिखूँगा लापरवाही। इसकी टेबल के ट्रे हटाओ।"

ट्रे उघडले. आणखी दाणे निघाले. प्रत्येक फ्यूजमधी एकच. केसातून पडलेले दाणे असे एक-एक नाही पडत, हे ट्रे उघडणाऱ्याला पण दिसलं अन् मिश्राजींना पण. मिश्राजी म्हणाले, "चलो, काम करो।" मला वाटते त्यांना पण खरं नको होतं. खरं आलं असतं तं त्यांची पण खोली बंद झाली असती. त्यांना फक्त कोणीतरी कसम खाल्लेली पाहिजे होती. बाकीचा लॉट त्याच दिवशी पुढे गेला.

मला डेंजर बिल्डिंगमधून काढलं. आता मी लाकडी पेट्यांच्या शेडमधी आहे. पेट्यांना उचलायला दोरीच्या कड्या बसवते. मंगळसूत्र घालून जाता येते. नोकरी राहिली, सगळ्या म्हणाल्या सस्त्यात सुटली.

त्या दिवशी ड्यूटी सुटून बाहेर आल्यावर मला वाटलं मावशी गळ्यात पडेल. ती गेटच्या बाहेर उभी होती.

"मावशी, झालं आता. चल घरी."

"माझ्या अंगाला हात नको लावू."

"अवं, तुझ्यासाठीच नं…"

"मी सांगितलं होतं तुला माझ्यासाठी झूठ बोल म्हणून? मैयाचं पाणी हातात घेऊन! लेकराची कसम! हे कोणाच्या डोक्यावर येईल? तुला काय, तू तं नास्तिक. माझ्यासाठी बोलली म्हणजे माझ्यावरच येईल. माझ्या दिलीपवर येईल."

बेबीला तिनं दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे पाठवलंच नाही. ज्याच्यासाठी केलं ते पहिलेच गेलं. आता सासू पाहते मुन्न्याला, तिला पण नीट दिसत नाही.

लढाई संपली. दिलीप परत आला. हात-पाय सगळे धड. पण कान गेले. बिलकुल ऐकू येत नाही. तोफेजवळ राहणाऱ्यांचं होते असं, डॉक्टर म्हणाला. मावशी दारात उभी राहून मोठ्यानं "दिलीप, दिलीप" करते अन् तो रस्त्याकडे पाहत बसलेला असते. तिनं आजूबाजूला सांगितलं, जीव देवीच्या अक्षतेनं वाचला, कान सुमनच्या, म्हणजे माझ्या, झूठ्या कसमेनं गेले. मी तिला सांगितलं नाही, का त्या अक्षता तं तिथं पोचल्याच नाहीत, मीच पोचू दिल्या नाहीत. पण पहिलेच्या पेट्यांमधी किती गेल्या असतील, ते ना मला माहीत ना तिला.

आता मावशी पोरांना घेऊन वरुडकडे आपल्या गावी निघून गेली. म्हणून सांगून राहिली. माझं खरं नाव नका छापू, सुमन पण माझं नाव नाही.

मुन्ना चांगला आहे. दात आले, भिंत धरून चालते. पण त्याला शिंक आली तरी माझा हात धावते त्याच्या डोक्यावर. मागच्या आठवड्यात ताप होता, नेपियर टाउनच्या डॉक्टरनं सांगितलं, साधा आहे, सगळ्या पोरांना येऊन राहिला. मी औषध पाजलं. मग त्याच्याजवळ बसून राहिली, अन् मनातल्या मनात म्हणत होती, ते मी म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं नव्हतं. कोणाला म्हणत होती? कोणी नाही तिथं. मला माहीत आहे कोणी नाही.

एवढं शिकली मी यातून, का झूठ बोलायला देव नाही लागत, अन् भ्यायला पण नाही लागत.

पण तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले लोक आहात. बाजूला ती बाई ओंजळ पुढे करून उभी आहे, मागे ट्रे जायला तयार आहेत, दाराला बाहेरून कडी आहे, अन् तुमचं लेकरू घरी भुकेलं आहे. तुम्हाला कसम खायला सांगितली त्याचीच. तुम्ही काय केलं असतं?