बगळ्याची निवड

समोरच्या घरात जांदीर राहायला आला तेव्हा पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बगळा ठेवलं. मान लांब, पाय काटकुळे, आणि आमचा चढ चढताना एकेक पाय असा उचलून टाकायचा की चिखलातून चाललाय असं वाटावं. रिओ दोसे गावचा. वडील नव्हते. आई, नादीरबाई, शाळेचे गणवेश शिवायची. थोरली बहीण इवोने त्याच गावात दिलेली. त्यांच्या घरात कॉलेजात गेलेला हा पहिलाच. खाणीतला इंजिनियर होणार होता.

समोरच्या घराचं नाव कांदेईया. तिथे मालक नाही, वॉर्डन नाही. मुलंच घर चालवतात आणि शिकून गेलेले जुने लोक पाठीशी उभे राहतात. त्यांचे फोटो बैठकीच्या भिंतीवर पार छतापर्यंत लावलेत. नव्या मुलानं आधी काही महिने राबायचं, भांडी घासायची, थोरल्यांना उठवायचं, टोमणे खायचे. मग एक दिवस सगळे टेबलाभोवती बसून त्याची निवड करतात. एकानं जरी नाही म्हटलं तरी सामान उचलायचं. सगळ्यांनी हो म्हटलं की त्याचं टक्कल करतात आणि तो जन्मभर त्या घरचा. मग नोकरी असो, कोर्टकचेरी असो की दवाखाना, एका फोनवर काम होतं. माझा नवरा जिवंत होता तेव्हा त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "सेलेस्ते, असले नातेवाईक आपल्याला पाहिजे होते."

बगळ्याची निवड मार्चअखेरीला ठरली होती. त्याआधीच साथ आली, कॉलेज बंद झालं आणि मुलं आपापल्या गावी पळाली. पण घर जुनं, रिकामं ठेवायची सोय नाही. त्या वर्षी घराचा कारभार ब्रेनोकडे होता. तो दारात बॅग घेऊन उभा होता आणि मी खिडकीत.

"बगळ्या, तू राहशील का रे? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"राहतो की."

"आईला विचार आधी."

"विचारलं. आई म्हणते, निवड होईपर्यंत घर सोडू नकोस."

"आई हुशार आहे तुझी," ब्रेनो हसला. "लक्षात ठेवू आम्ही हे."

पंधरा दिवस कधीच सरले आणि पोरगं एकटंच राहिलं. सगळ्या खोल्यांच्या खिडक्या उघडायचा, गाद्या उन्हात टाकायचा, गळतं कौल सरकवायचा. दुपारी माझ्या पायरीवर बसून मी दिलेला घेवडा-भात खायचा. मी आत, खिडकीशी.

"अरे, घरी जा चार दिवस," मी म्हणायची. "आई वाट बघत असेल."

"गेलो आणि ते मला विसरले तर, काकू? अजून मी त्यांचा कुठे झालोय."

"एवढं घर राखतोयस तरी?"

"घर राखणं वेगळं."

"मग फोनवर करा म्हणावं निवड."

"तसं कधी झालेलं नाही. टेबलाशीच व्हावी लागते."

ऑक्टोबरच्या बाराला जुने लोक दरवर्षी येतात, तेव्हा आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी कोणीच आलं नाही. ब्रेनोनं सगळ्यांना फोनच्या पडद्यावर गोळा केलं आणि बगळा आपला फोन हातात धरून घरभर फिरला. दारं उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. "माझी खोली दाखव." "खिडकीतून टेकडी दाखव जरा." "माझा फोटो पुस की रे, काय धूळ आहे." एक म्हातारा हुंदके देत होता. साथीत गेलेल्यांचे फोटो आले की सगळे एकेकाचं नाव घ्यायचे. शेवटी कोणीतरी विचारलं, "फोन कोणी धरलाय?"

"नवा पोरगा आहे," ब्रेनो म्हणाला. "निवड व्हायचीय."

"बरा फिरवतोय," तो माणूस म्हणाला आणि सगळे हसले. बगळाही हसला. रात्री जेवायला म्हणून मी हाक मारली, तर भूक नाही म्हणाला.

पुढच्या मार्चमध्ये साथीनं पुन्हा जोर धरला आणि नादीरबाईंना ताप आला. गावच्या छोट्या दवाखान्यात ऑक्सिजन लावून बसवलं. मोठ्या इस्पितळात हलवा म्हणाले, पण खाट कुठेच नाही. बगळा जायला निघाला तेव्हा इवोनेनं फोनवर अडवलं. "इथे येऊन काय करणार? आत सोडत नाहीत कोणाला. तू तिथेच थांब आणि तुझ्या त्या मोठ्या लोकांना सांग."

मोठ्या लोकांत बेलो होरिझोंते शहरातल्या मोठ्या इस्पितळाचा एक डॉक्टर होता, लिसांद्रो नावाचा. आदल्याच आठवड्यात त्यानं घरच्या एकाच्या मेव्हण्याला खाट मिळवून दिली होती. हे बगळ्याला ठाऊक होतं. नंबर मात्र त्याच्याकडे नव्हता, तो घरच्यांनाच देतात. त्यानं माझ्या पायरीवरूनच ब्रेनोला फोन लावला. ब्रेनोनं जुन्यांचे प्रमुख एव्हांद्रोसाहेब यांना विचारलं आणि थोड्या वेळानं उलट फोन केला. आवाज पडलेला होता.

"साहेब म्हणतात, घरच्यासाठी मी लिसांद्रोला झोपेतून उठवीन. पण बाहेरच्यासाठी एकदा उठवलं की रोज फोन येतील. आधी त्याला आपला करून घ्या म्हणतात. फोनवर चालेल."

"मग करा ना, भावा."

"करतोच आहे. सगळे हो म्हणाले. फक्त कायो लागत नाही. आजोबांच्या मळ्यावर आहे, तिथे रेंज नाही."

"त्याच्याशिवाय?"

"मी म्हटलं साहेबांना. ते म्हणाले, सगळ्यांचा आवाज लागतो."

मी खिडकीतून म्हटलं, "तू स्वतःच शोध काढ त्या डॉक्टरचा. इस्पितळात फोन लाव." त्यानं लावला. तिथे कोणी उचलला नाही, मग उचलला आणि थांबायला सांगून ठेवून दिला. पुन्हा लावला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तो पायरीवरून हलला नाही. मी कॉफी ठेवायची, ती थंड व्हायची. तिसऱ्या दिवशी सकाळी इवोनेचा फोन आला. तो ऐकून तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "काकू, किल्ली तुमच्याकडे ठेवता का?"

पाव पोचवणाऱ्याच्या गाडीतून तो गावी गेला. शवपेटी बंद केलेली. दफनाला तो, इवोने, तिचा नवरा आणि दोन खोदणारे, एवढेच लोक. माती लोटत असताना त्याच्या खिशात फोन थरथरायला लागला आणि थांबेना. त्याला वाटलं दवाखान्याचं काही असेल. कायो बाजाराला म्हणून खाली उतरला होता आणि त्यानं हो म्हटलं होतं. कोणीतरी बगळ्याला लगेच घरच्यांच्या गटात घेतलं होतं आणि शेकडो लोक त्याचं स्वागत करत होते. "ये भावा." "टक्कल कधी करायचं तुझं?" "आता जगात कुठेही अडलास तर आम्ही आहोत." मध्येच लिसांद्रो डॉक्टरांचा नंबर आणि खाली "लगेच फोन कर."

"तू काय केलंस मग?" मी नंतर विचारलं.

"आभार मानले," तो म्हणाला. "त्यांना कुठे माहीत होतं."

तो परत आला, कारण घर राखायला दुसरं कोणी नव्हतं. गाद्या उन्हात टाकायचा, पण माझ्याशी बोलणं तुटक झालं. पुढच्या ऑक्टोबरात लस घेतलेले थोडे जुने लोक आले. त्यांच्यात लिसांद्रो डॉक्टरही होते. त्यांनी बगळ्याचा हात दोन्ही हातांत धरला. "अरे, मला कळवायचं होतंस. घरचा आहेस की नाहीस, मी विचारलं नसतं." एव्हांद्रोसाहेब शेजारीच होते. ते ताटातल्या कोंबडीकडे बघत राहिले.

"खाट होती का तेव्हा?" बगळ्यानं विचारलं.

डॉक्टरांनी त्याचा हात सोडला. "एक-दोन निघायच्या रोज," ते म्हणाले.

कॉलेज सुरू झालं आणि मुलं परतली, तेव्हा यानं कॉलेजातून नाव काढून घेतलं. ब्रेनो रडला, पाया पडायचाच बाकी होता. बगळा त्याला एवढंच म्हणाला, "तुझ्यावर राग नाही रे." आणि उतारानं बस स्टँडकडे निघाला.

आता तो गावाजवळच्या साखर कारखान्यात ट्रकांचं वजन करतो. इवोनेकडेच राहतो, आईचं शिवणाचं मशीन विकायचं म्हणतात पण विकत नाहीत. मी कधीमधी फोन करते. विचारेन तेवढंच बोलतो. परवा मी म्हटलं, "लग्नबिग्न कर, कोणीतरी माणूस हवं घरात." मागे ट्रकांचे आवाज येत होते.

"रांग लागलीय, काकू," तो म्हणाला. "ठेवतो."