ज्याची भीती कमी, त्याच्याकडे बॅटरी

महाडच्या बाजारात कुणी सहज विचारलं, "काय मास्तर, बरं आहे ना?" तर माणसं "बरंय" म्हणतात आणि पुढे जातात. तांबे तारमास्तर जात नसत. ते भर रस्त्यात थांबत, पिशवी खाली ठेवत, डोळे मिटून स्वतःच्या आत कसून चौकशी करत आणि मग सांगत, "चार-सहा." विचारणारा तोवर चवदार तळ्यापर्यंत पोचलेला असे.

मास्तर पोस्टात तारा पाठवायचे. रविवारी मात्र त्यांचा स्वतःचा रेडिओ असे, आणि तो ऐकायचा नव्हे, बोलायचा. सरकारी परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला आणि यंत्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं. त्या डब्यातून ते मद्रासपासून मॉस्कोपर्यंत कुणाकुणाशी बोलत. अशा हौशी मंडळींची रीत अशी, की समोरच्यानं हाक घातली की तो कसा ऐकू येतोय हे आधी दोन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा पाचापैकी, म्हणजे बोलणं किती समजलं. दुसरा नऊपैकी, म्हणजे आवाजाला जोर किती. बहुतेक लोक भिडेखातर सगळ्यांना सरसकट पाच-नऊ वाटतात. मास्तर कुणाला एक आकडा फुकट द्यायचे नाहीत.

"साळवी, खोटा रिपोर्ट म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर हात ठेवणं," ते मला म्हणत. "तो बिचारा समजतो आपली तार शाबूत आहे. आणि ती कधीच तुटलेली असते!"

हे मला ऐकवायचं कारण होतं. मी तहसील कचेरीत कारकून आणि स्वभावानं सरसकट पाच-नऊ वाटणाऱ्यांतला. माझ्या गोष्टीतली घोरपड महाडहून निघाली की पोलादपूरला पोचेपर्यंत तिची मगर झालेली असते. आमची गट्टी कशी जमली ते देव जाणे. पण ऐंशीच्या आसपासची तीन-चार वर्षं मी दर रविवारी त्यांच्यामागून डोंगर चढलो, हे मात्र वाढवून सांगत नाही.

डोंगर अशासाठी, की महाड म्हणजे बशीचा तळ. मास्तरांच्या डब्याचा जोर टॉर्चच्या दिव्याएवढा. गावातून हाक घातली की ती डोंगरांवर आपटून परत अंगणात. म्हणून डबा, आवाज पकडायची वीस मीटर तार, ती टांगायला बांबू आणि मोटारीची बॅटरी घेऊन मास्तर शिखरावर जात. आणि त्यांच्याइतका भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही! पोस्टाच्या माडीचा जिना ते भिंतीला धरून चढत. डोंगराच्या प्रत्येक वळणावर थांबून मोठ्यानं जाहीर करत, "भीती पाच." पुढं कडा आला की, "भीती सात. साळवी, तुमची?"

यातूनच आमचा नियम झाला होता. ज्याची भीती कमी, त्याच्याकडे बॅटरी. बॅटरी चांगली पंधरा किलोची, पोत्याच्या पट्ट्यांनी पाठीवर बांधायची. तिच्यातलं ॲसिड ठिबकून आमच्या पाटलोणींची चाळणी झालेली. मास्तरांचं गणित सरळ होतं. "घाबरलेल्या माणसाला दोन्ही हात मोकळे हवेत आणि पाठ हलकी हवी. भिण्यात लाज नाही. आकडा चुकवण्यात आहे." मी आकडा नेमका चुकवायचो. शरमेपायी म्हणा, मिजाशीपायी म्हणा, एक-दोनच्या वर जायचो नाही. त्यामुळे बॅटरी बहुधा माझ्याच पाठीवर.

एका ऑक्टोबरात आम्ही चंद्रगडाला निघालो. पोलादपूरमार्गे उमरठपर्यंत एसटी, मग ढवळे गावापर्यंत पायपीट. गावाच्या वर एक म्हातारी गवत कापत होती. तिनं आमच्या बांबूकडे पाहिलं आणि विळा थांबवला.

"आवो मास्तर, दुपारच्याला रोज गडगडतंय. वर येळ लावू नका, नायतर तुमची काठीच पेटंल."

"बाराच्या आत उतरतो, आजी."

"उतरा बापा. गडाला घाई नाय, इजेला हाय."

चंद्रगड म्हणजे उभी धार. वरच्या टप्प्यात नुसते कातळ, त्यावर वाळलेलं गवत, आणि ते पायाखाली तेलासारखं सरकतं. मास्तर सातवर होते. मी शिट्टी वाजवत होतो, म्हणजे माझं काय चाललं होतं ते ओळखा.

माथ्यावर बांबू उभा केला, तार ताणली. साडेदहाला मास्तरांना कुणी लंकेतला गडी सापडला, मग कलकत्त्याचा, मग दूरवरून एक अगदी बारीक आवाज. मास्तरांनी कानांवरचे डबे घट्ट दाबले. "साळवी, जपान! जपान!" बारा वाजून गेले. महाबळेश्वराच्या बाजूनं ढग कधी डोक्यावर आला, कळलं नाही.

आधी तार गुणगुणायला लागली. भुंगा कानाशी यावा तशी. मग तिचं टोक आणि डबा यांच्यात टचकन निळी ठिणगी उडाली. माझ्या हातावरचे केस उभे राहिले, आणि डोक्यावर चार केस होते तेही. मास्तरांनी कानांवरचे डबे फेकून दिले.

"भीती नऊ. डबा माझ्या पिशवीत. बांबू राहू दे, तार राहू दे. उतरा!"

"आणि बॅटरी?"

बॅटरी टाकून पळता आलं असतं. पण ती महाडच्या डॉक्टरांच्या गाडीतली, उसनी आणलेली होती. जवळच्या नाते गावात एका बाईचे दिवस भरलेले. डॉक्टरांनी देतानाच बजावलं होतं, संध्याकाळी बॅटरी गाडीत हवी, रात्री-अपरात्री बोलावणं येईल. ती वर राहिली तर गाडी जागची हलणार नव्हती.

मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "माझी नऊ," ते पुन्हा म्हणाले. "तुमची?"

खरं सांगतो, माझ्या पोटात तेव्हा पोटच नव्हतं. पण तोंड सवयीनं बोललं, "दोन."

मास्तरांनी विश्वास ठेवला. माझ्या पाठीवर बॅटरी आवळली आणि ते पुढे उतरू लागले.

कातळाच्या मध्यावर माझे पाय थांबले. खाली दरी, वर काळोख, पाठीवर पंधरा किलो मला मागे ओढतायत. बोटं खाचेत रुतलेली, आणि ती माझी राहिलीच नव्हती. कडाड् झालं. कातळ हलल्यासारखा वाटला. मी हाक मारायला तोंड उघडलं तर आत वारा शिरला, बाहेर काही आलं नाही. आता आपण पडणार, एवढंच स्वच्छ दिसत होतं.

मास्तर वीस-पंचवीस हात खाली सुखरूप पोचले होते. त्यांनी वर पाहिलं. आणि तो पोस्टाच्या जिन्याला भिणारा माणूस चार पायांवर कातळ चढून परत आला. त्यांचे हात थरथरत होते. मला ते अगदी जवळून दिसत होते, कारण मी दुसरीकडे बघू शकत नव्हतो.

"साळवी. रिपोर्ट द्या."

"द... दोन."

"मला फसवलंत, चालेल. पाय फसणार नाहीत. रिपोर्ट."

"नऊ!" मी ओरडलो. "नऊ, मास्तर! नव्वद! नऊशे!"

"नऊच्या वर आकडा नाही," ते शांतपणे म्हणाले. "नऊ. ठीक. माझी आता सात. द्या बॅटरी इकडे."

नऊची सात दोन मिनिटांत कशी झाली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. एका हातानं खाच धरून दुसऱ्या हातानं त्यांनी माझ्या पट्ट्या सोडवल्या आणि स्वतःच्या पाठीवर चढवल्या. मग माझ्या खाली राहून माझा एकेक पाय स्वतःच्या हातानं खाचेत ठेवला. दर पावलाला रिपोर्ट. "नऊ." "ठीक. उजवा." "नऊ." "ठीक. डावा." "आठ." "शाबास! खरा आहे ना?" "खरा, मास्तर."

आम्ही झाडीत शिरलो तेव्हा वर वीज पडली. ही वीज मी इतक्यांदा सांगितलीय, की ती दर वेळी चार बोटं जवळ येते. आज खरं सांगतो. पडताना मी पाहिली नाही, डोळे मिटले होते. पुढच्या रविवारी बांबू आणायला गेलो तेव्हा तो उभा चिरलेला होता आणि तार सापडलीच नाही.

बॅटरी वेळेत पोचली. नाते गावातल्या त्या बाईला मुलगी झाली. मास्तरांनी नंतर चिरलेला बांबू दारात उभा करून त्यावर वेल चढवला. चंद्रगडाबद्दल त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही, मात्र माझा आकडा ते त्यानंतर दोनदा विचारून घेत.

चारेक वर्षांनी त्यांच्या हृदयानं दगा दिला. दवाखान्यात गेलो तेव्हा दुपारचं ऊन खाटेवर पडलं होतं आणि त्या उन्हात मास्तर दिसत नव्हते इतके वाळले होते. भोवती पोस्टातली माणसं. जो तो म्हणत होता, "छान दिसताय, मास्तर. आठ दिवसांत डोंगरावर." मास्तरांनी त्यांना जाऊ दिलं आणि मान माझ्याकडे वळवली.

"साळवी. कसा येतोय मी?"

पाच-नऊ माझ्या ओठांवर होतं. दारापासून घोकत आलो होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलत होते, आवाज जपानहून येत होता.

"तीन-दोन," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

"बरोबर," ते म्हणाले, आणि खरोखर खूश झाले. "अगदी बरोबर. भीती?"

"नऊ."

"माझी चार," मास्तर म्हणाले. चादरीखालून त्यांनी हात बाहेर काढला आणि तळवा वर करून माझ्यापुढे धरला. "द्या इकडे."

मी माझा हात त्यांच्या हातात दिला. जन्मभर कुणाला एक आकडा फुकट न दिलेल्या त्या माणसाचा हात चंद्रगडावर थरथरला होता, तसाच थरथरत होता.